हातउसनं

ट्रायपॉडची प्लेट काडेपेटीएवढी असते.
ती घरी राहिली म्हणजे
कॅमेरा, लेन्स, कारेलीबागेतला हॉल,
बोहल्यावर चढलेली नवरी, घड्याळाकडे बघणारे गुरुजी,
सगळंच घरी राहिल्यासारखं.

शेजारच्या हॉलात दुसरं लग्न होतं.
तिथला कॅमेरावाला मला ओळखत नव्हता,
एवढंच ऐकून होता की दांडिया बाजारातली कोणी मराठी बाई
आठ हजारांत दोन दिवस शूट करते आणि भाव पाडते.
त्यानं माझ्याकडे पाहिलं. माझ्या ट्रायपॉडकडे पाहिलं.
बॅगेच्या चोरकप्प्यातून प्लेट काढली, म्हणाला,
"लई जाओ. पछी आपजो."

पछी म्हणजे कधी, ते बोलला नाही.

तिसऱ्या दिवशी परत करायला गेले रावपुऱ्यात,
त्याच्या एडिटच्या खोलीत,
जिथे पंखा लावला की मॉनिटर लुकलुकायचा,
म्हणून मे महिन्यातही पंखा बंद.
हितेश भावसार. चहा आला.
भावाबद्दल तो काही बोलला नाही, मीच बोलले.
पुढच्या लग्नाला बारा सांगितले. गिऱ्हाईक गेलं.
गेलं ते त्याच्याचकडे, आणि त्यानं
दुसऱ्या कॅमेऱ्याला मला बोलावलं.

रीतसर बैठक एकदाच झाली. अकोट्याला, हॉटेलात,
फ्लेक्स लावून, हार आणून.
अध्यक्ष कोण यात दोन तास गेले
आणि ढोकळा उरला.

खरं मंडळ माझ्या फोनमध्ये आहे.
तिथे आडनावं नाहीत, हत्यारं आहेत:
नफीसा ड्रोन.
केतन जिब.
खांबेटे काका लाइट (हॅलोजनच्या काळातले,
डावी भुवई तेव्हाच जळालेली, पुन्हा नीट आली नाही).
रोहित माइक, जो दारातूनच सांगतो
की या हॉलचा जनरेटर आवाजात उतरणार.
आणि त्यांच्या फोनमध्ये मी आहे: मराठी प्लेट.
केतनच्या बायकोनं एकदा फोन उचलून विचारलं,
थाळीचे डबे देता का हो तुम्ही?

हिशेब कुणी लिहीत नाही.
बॅटरी घेतली तर भरून परत.
कार्ड घेतलं तर पुसण्याआधी विचारायचं,
हा एक कायदा मात्र आहे,
आणि तो मांजलपूरच्या एका वरातीला पडला.
कार्ड रोहितचं होतं. वरात त्यात होती. पुसली मी.
तो पार्टीला म्हणाला, माझंच कार्ड खराब निघालं,
आणि उरलेले पैसे सोडून दिले.
माझ्याकडे त्यानं बघितलं नाही.
त्यानंतर मी त्याला पाच कामं दिली, सहा दिली.
तो येतो, माइक लावतो, जातो.
ते काही फिटत नाही.

यंदा नवरात्रात एक पोरगा आला.
भाव चार हजार. मिशी नीट फुटलेली नाही.
आठव्या रात्री दोन वाजता, ग्राउंड रिकामं होताना,
केबल आवरत बसला होता
कोपर आणि अंगठ्यावर करकचून,
लोकर गुंडाळावी तशी.
सगळ्यांनी पाहिलं. नफीसा हसली.
चार हजारवाल्याला कोण कशाला सांगेल?

मी चप्पल काढून त्याच्या शेजारी मातीत बसले.
एक वेढा सरळ.
दुसरा उलटा, मनगट आत वळवून.
पुन्हा सरळ.
सगळे एकाच बाजूनं घेतलेस तर पीळ साठत जातो,
दिसत नाही. उद्या फेकशील तेव्हा गाठी.

त्यानं करून पाहिलं. चुकला. पुन्हा केलं.
तुम्हाला कुणी शिकवलं, म्हणाला.
पलीकडे भावसार पाठ करून उभा,
हातात सेव-उसळ, आणि ऐकत होता,
कारण त्याचा चमचा थांबला होता.

पोराचा नंबर घेतला. नाव लिहिलं: जैमिन.
पुढे काय लिहू कळेना,
कॅमेराही त्याचा भाड्याचा.
नाव तसंच ठेवलं,
पुढे एक जागा सोडून.